वही-पेन्सिलीपासून कांद्याच्या मुळापर्यंत: डीएनएची रचना, घडी आणि नक्कल

पाठ्यपुस्तकांत डीएनएची रचना एका प्रकरणात असते, गुणसूत्रं दुसऱ्यात आणि पेशीविभाजन तिसऱ्यात. तिन्ही प्रकरणं पाठ असलेल्या विद्यार्थ्याला विचारून पाहा: माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, तर डीएनएची नक्कल पूर्ण झाल्यावर त्याच पेशीत किती? ९२ हे उत्तर पटकन येतं. बरोबर उत्तर ४६च आहे, आणि तरीही डीएनए खरोखर दुप्पट झालेला असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की या विषयाचा कणा हाती आला. म्हणून इथे तीन प्रकरणं वेगळी ठेवलेली नाहीत. पेशीच्या घड्याळाबरोबर चालायचं आहे. जीवशास्त्राकडे नव्याने वळलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. एक वही, दोन रंगांच्या पेन्सिली आणि शेवटच्या पायरीसाठी एक कांदा व सूक्ष्मदर्शक एवढं हवं.

पायरी १: आधी फक्त सहा जोड्या काढा

कोऱ्या पानावर दोन समांतर रेघा ओढा. प्रत्येक रेघ म्हणजे साखर आणि फॉस्फेट यांची आलटून पालटून जोडलेली साखळी. साखरेचं नाव डीऑक्सिरायबोज. प्रत्येक साखरेला आतल्या बाजूने एक बेस लागलेला असतो: अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन किंवा सायटोसिन. म्हणजेच ए, टी, जी, सी. एची जोडी टीशी जमते आणि त्यांच्यात दोन हायड्रोजन बंध असतात. जीची जोडी सीशी, त्यांच्यात तीन.

आता दिशा. नवखे लोक इथेच घाई करतात आणि पुढे नक्कल शिकताना अडतात. साखरेतल्या कार्बनना क्रमांक दिलेले असतात. साखळीच्या एका टोकाला पाचव्या कार्बनची बाजू मोकळी असते, दुसऱ्या टोकाला तिसऱ्याची. म्हणून टोकांची नावं ५ प्राइम आणि ३ प्राइम. दोन साखळ्या एकमेकींना समांतर असल्या तरी उलट्या दिशेने धावतात. वरच्या रेघेच्या डाव्या टोकाला ५ प्राइम लिहिलंत, तर खालच्या रेघेच्या डाव्या टोकाला ३ प्राइम लिहा.

वरच्या रेघेवर डावीकडून लिहा: ए, टी, जी, सी, सी, ए. खाली जोडीदार भरा: टी, ए, सी, जी, जी, टी. आता खालची साखळी तिच्या स्वतःच्या दिशेने, म्हणजे ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे वाचा: टी, जी, जी, सी, ए, टी. हा सराव वेगवेगळे क्रम घेऊन हात बसेपर्यंत करा. आकृतीकडे न बघता जमायला हवं.

याच जोडीच्या नियमातून एक सोपा हिशेब निघतो. एखाद्या डीएनएमध्ये ए ३० टक्के असेल तर टीही ३० टक्के, आणि उरलेले ४० टक्के जी व सीमध्ये निम्मे-निम्मे, म्हणजे २०-२०. एर्विन चारगाफ यांना ही समानता प्रत्यक्ष मोजमापात दिसली होती, पण तिचं कारण कळायला रचना कळावी लागली. रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांनी १९५२ साली मिळवलेलं क्ष-किरण छायाचित्र आणि चारगाफ यांची मोजमापं हाताशी असताना जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ साली दुहेरी सर्पिलाची रचना मांडली.

पायरी २: लांबी स्वतः मोजा

इथे चार आकडे पुरतात. सर्पिलाची जाडी २ नॅनोमीटर. एका जोडीपासून पुढच्या जोडीपर्यंतचं अंतर ०.३४ नॅनोमीटर. एका वेढ्यात सुमारे १०.५ जोड्या, बरीच पुस्तकं सोयीसाठी १० धरतात. आणि माणसाच्या एका सामान्य पेशीत मिळून साधारण ६२० कोटी जोड्या.

६२० कोटींना ०.३४ने गुणा आणि मीटरमध्ये आणा. उत्तर येतं २.१ मीटर. ज्या केंद्रकात हे मावायचं, त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी. आता एकटं पहिलं गुणसूत्र घ्या: २४.८ कोटी जोड्या, म्हणजे ८.४ सेंटीमीटर लांबीचा एकच सलग रेणू. विभाजनाच्या मध्यावस्थेत, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत आलेली असताना, हेच गुणसूत्र जेमतेम १० मायक्रोमीटरचं दिसतं. भागाकार करून पाहा, लांबी ८,००० पटींहून जास्त आखडलेली आहे. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, कारण घडीचा सगळा प्रश्न त्यातच आहे.

पायरी ३: घडी

पहिली घडी हिस्टोन प्रथिनांवर पडते. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ या प्रत्येकाचे दोन असे आठ हिस्टोन मिळून एक गाभा होतो आणि त्याभोवती १४७ जोड्यांचा डीएनए सुमारे पावणेदोन वेढे घेतो. याला न्यूक्लिओसोम म्हणतात. डीएनएवर फॉस्फेटमुळे ऋण प्रभार असतो, हिस्टोनमध्ये लायसिन व आर्जिनिन या अमिनो आम्लांमुळे धन प्रभार. म्हणून ही पकड घट्ट बसते. एका गाभ्यापासून पुढच्या गाभ्यापर्यंत, मधला दुवा धरून, साधारण २०० जोड्या लागतात. ६२० कोटींना २००ने भागलं की एका पेशीत तीन कोटींवर न्यूक्लिओसोम निघतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा धागा दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखा दिसतो. एच१ हा पाचवा हिस्टोन गाभ्यात नसतो. तो बाहेरून, दुव्यापाशी बसतो.

इतकं करून लांबी किती घटली? २०० जोड्यांची ६८ नॅनोमीटर लांबी ११ नॅनोमीटरच्या आसपास आली, म्हणजे सहाएक पट. ८,००० पटींपैकी फक्त सहा.

पुढची पायरी म्हणून जुन्या पुस्तकांत ३० नॅनोमीटर जाडीचा सोलेनॉइड, म्हणजे स्प्रिंगसारखा गुंडाळलेला, तंतू दाखवलेला असतो. परीक्षेत विचारला तर तो काढा. पण सगळी घडी त्यावरच उभी आहे असं मनात धरू नका. प्रयोगशाळेत वेगळ्या काढलेल्या क्रोमॅटिनमध्ये, म्हणजे हिस्टोनसह डीएनएच्या धाग्यात, तो दिसतो. जिवंत पेशींमध्ये मात्र तो सर्वत्र, नियमित रचनेत आढळत नाही. तिथे न्यूक्लिओसोमचा धागा कमी-जास्त दाटीने, अनियमित पडलेला दिसतो. या धाग्याचे मोठमोठे फास काढण्याचं काम कोहेसिन आणि कंडेन्सिन ही कडीसारखी प्रथिनं करतात. विभाजनाच्या वेळची अखेरची दाट घडी मुख्यतः कंडेन्सिनमुळे पडते. नव्याने शिकणाऱ्याने आपला वेळ सोलेनॉइडपेक्षा या फासांवर घालवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट: घडी सगळीकडे सारखी नसते. वापरात असलेली जनुकं सैल भागात, म्हणजे युक्रोमॅटिनमध्ये; गप्प असलेला बराचसा भाग दाट हेटरोक्रोमॅटिनमध्ये. पुढच्या पायरीत याची गरज पडणार आहे.

पायरी ४: नक्कल

आता दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. जुन्या दोन्ही साखळ्या निळ्या काढा. त्या वेगळ्या करा आणि प्रत्येकीसमोर जोडीच्या नियमाने नवी साखळी लाल रंगात काढा. दोन रेणू झाले आणि दोघांत एक साखळी निळी, एक लाल. दुसऱ्या फेरीला चार रेणू: दोन निळे-लाल, दोन पूर्ण लाल. तिसऱ्या फेरीला आठ: त्यांत दोन निळे-लाल, सहा पूर्ण लाल. निळ्या साखळ्या दोनच होत्या आणि दोनच राहिल्या. यालाच अर्धसंरक्षी नक्कल म्हणतात.

मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी १९५८ साली ई. कोलाय जिवाणूंवर हेच सिद्ध केलं. रंगाच्या जागी त्यांनी नायट्रोजनचं वजन वापरलं. जिवाणू आधी जड नायट्रोजन-१५वर वाढवले, मग साध्या नायट्रोजन-१४वर आणले, आणि सीझियम क्लोराइडच्या द्रावणात वेगाने फिरवून डीएनए घनतेप्रमाणे वेगळा केला. एका पिढीनंतर एकच पट्टा, बरोबर मध्ये. दोन पिढ्यांनंतर दोन पट्टे: एक मधला, एक हलका. तुमच्या पानावरच्या दुसऱ्या फेरीशी हे ताडून बघा.

यंत्रणा कशी चालते ते आता पाहू. सर्पिल उलगडण्याचं काम हेलिकेज हा एन्झाइम करतो. उलगडताना पुढच्या भागाला पीळ चढतो. तो टोपोआयसोमरेज उतरवतो. डीएनए पॉलिमरेज नवी साखळी बांधतो, पण त्याच्या दोन अटी आहेत. तो कोऱ्या जागी सुरुवात करू शकत नाही, म्हणून प्रायमेज आधी आरएनएचा छोटा तुकडा बसवून देतो. आणि तो नवी साखळी फक्त ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे वाढवतो.

दुसऱ्या अटीमुळे जे होतं ते पहिल्या पायरीतल्या दिशांवरून तुम्ही स्वतः काढू शकता. उलगडणारी जागा एकाच दिशेने सरकते, पण दोन जुन्या साखळ्या उलट दिशांच्या. म्हणून एकीवर नवी साखळी सलग बनते आणि दुसरीवर मागे मागे वळून तुकड्यातुकड्यांनी. रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या जपानी दांपत्याने १९६०च्या दशकात हे तुकडे शोधले. ते ओकाझाकी तुकडे म्हणूनच ओळखले जातात. जिवाणूंत ते एक-दोन हजार न्यूक्लिओटाइडचे (साखर, फॉस्फेट आणि बेस मिळून साखळीची एक कडी म्हणजे न्यूक्लिओटाइड) असतात, आपल्या पेशींत शंभर-दोनशेचे. आरएनएचे तुकडे काढून त्या जागा भरल्या जातात आणि लायगेज सांधे जोडतो.

आता वेगाचा हिशेब, कारण त्याशिवाय आपल्या गुणसूत्रांची एक अडचण कळत नाही. ई. कोलायमध्ये ४६ लाख जोड्या आणि नक्कल सुरू होण्याचं एकच ठिकाण. तिथून दोन्ही बाजूंना सेकंदाला सुमारे १,००० न्यूक्लिओटाइडच्या वेगाने गेलं तरी काम ४० मिनिटांत उरकतं. आपला वेग सेकंदाला ५०च्या आसपास, कारण वाटेत न्यूक्लिओसोम सोडवायचे आणि मागे पुन्हा बसवायचे असतात. पहिल्या गुणसूत्राच्या मध्यावर एकच सुरुवात धरली, तर २४.८ कोटींना १००ने भागून २४.८ लाख सेकंद, म्हणजे जवळपास २९ दिवस लागतील. प्रत्यक्षात हे काम आठेक तासांत होतं, कारण आपल्या गुणसूत्रांवर मिळून अशी हजारो ठिकाणं कामाला लागतात. ती सगळी एकदम सुरू होत नाहीत. सैल घडीचे भाग साधारणपणे आधी, दाट भाग नंतर. स्त्रियांच्या पेशीत जे एक एक्स गुणसूत्र दाट होऊन गप्प बसलेलं असतं, त्याची नक्कल उशिरा होते.

इतक्या ठिकाणांहून काम सुरू झालं तर एखादा भाग चुकून दोनदा उतरवला जाणार नाही का? याचं उत्तर मला या सगळ्या विषयात सर्वात सुंदर वाटतं. सुरुवातीच्या ठिकाणी हेलिकेजचा मुख्य भाग असलेली एमसीएम प्रथिनांची कडी बसवायची परवानगी फक्त जी१ अवस्थेत, म्हणजे नकलेच्या आधीच्या काळात, असते, पण तेव्हा ती निष्क्रिय असते. एस अवस्थेत, म्हणजे प्रत्यक्ष नकलेच्या काळात, ती चालू होते, पण नवी कडी बसवायला तेव्हा मनाई असते. बसवणं आणि चालवणं यांच्या वेळा वेगळ्या ठेवल्या की दुसऱ्यांदा सुरुवात होऊच शकत नाही.

चुकांचंही थोडक्यात पाहू. दोन्ही साखळ्यांसमोर नवी साखळी बनते, म्हणून एका पेशीत १,२४० कोटी न्यूक्लिओटाइड जोडले जातात. पॉलिमरेजची निवड लाखात एकदा चुकते असं ढोबळ धरलं तर १,२४,००० चुका. तोच एन्झाइम मागे वळून चुकीचा न्यूक्लिओटाइड कापतो, तेव्हा प्रमाण कोटीत एकपर्यंत उतरतं. नंतर विजोड जोड्या दुरुस्त करणारी यंत्रणा येते आणि शेवटी शंभर कोटींत एखादी किंवा त्याहून कमी चूक उरते.

डीएनएबरोबर घडीचं सामानही दुप्पट लागतं. म्हणून हिस्टोनचं उत्पादन एस अवस्थेतच जोरात चालतं. जुने हिस्टोन दोन्ही नव्या रेणूंवर वाटले जातात आणि रिकाम्या जागी नवे बसतात.

पायरी ५: तीन रकाने

माणसाची प्रयोगशाळेत वाढवलेली पेशी साधारण २४ तासांत एक चक्र पुरं करते असं धरतात: जी१ सुमारे ११ तास, एस ८, जी२ (नकलेनंतर विभाजनाआधीचा काळ) ४ आणि प्रत्यक्ष विभाजन फक्त १ तास. हे आकडे पेशीगणिक बदलतात, जी१ तर खूपच.

वहीत तीन रकाने करा: गुणसूत्रं, डीएनएचे रेणू, आणि डीएनएचं प्रमाण. प्रमाण सी या एककात लिहितात. शुक्राणू किंवा अंडपेशीत जेवढा डीएनए असतो तो १ सी.

जी१मध्ये ४६ गुणसूत्रं, ४६ रेणू, २ सी. एस संपल्यावर ४६ गुणसूत्रं, ९२ रेणू, ४ सी. गुणसूत्रं ४६च का, तर गुणसूत्र मोजायचं म्हणजे गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्राची चिमटलेली जागा (सेंट्रोमिअर), मोजायचे. दोन्ही प्रती, म्हणजे दोन क्रोमॅटिड, कोहेसिनच्या कड्यांनी एकत्र धरलेल्या असतात आणि तोवर त्यांचं मिळून एकच गुणसूत्र धरतात. मध्यावस्थेतही ४६, ९२, ४ सी. त्यानंतरच्या पश्चावस्थेत सेपरेज हा एन्झाइम कोहेसिन कापतो, प्रती सुट्या होतात, आणि त्या क्षणी पेशीत ९२ गुणसूत्रं, ९२ रेणू, ४ सी. पेशी दुभंगली की प्रत्येकीत पुन्हा ४६, ४६, २ सी.

म्हणजे ९२ हे उत्तर चूक नव्हतं, ते चुकीच्या वेळेला दिलं होतं. डीएनए दुप्पट होतो एसमध्ये. गुणसूत्रं दुप्पट होतात पश्चावस्थेत. पुस्तकातली इंग्रजी एक्ससारखी आकृती ही फक्त या दोन वेळांमधली स्थिती आहे. हाच तक्ता आता कांद्यासाठी स्वतः भरा. कांद्यात १६ गुणसूत्रं असतात.

पायरी ६: कांद्याच्या मुळात हे पाहणं

कांदा सहज मिळतो एवढंच त्याच्या निवडीचं कारण नाही. त्याच्या पेशीत माणसाच्या पाचपट डीएनए असतो, ताणला तर सुमारे ११ मीटर, आणि तो फक्त १६ गुणसूत्रांत वाटलेला. त्यामुळे एकेक गुणसूत्र मोठं आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला सापडणारं. लसणातही १६च गुणसूत्रं असतात. कांद्याला मुळं फुटत नसतील तर लसणाच्या पाकळ्या घ्या.

लहान, कोरडा कांदा निवडा. बुडाची वाळलेली मुळं खरवडून काढा आणि फक्त बूड पाण्याला टेकेल असा काचेच्या बाटलीच्या तोंडावर ठेवा. पाणी रोज बदला. दोन-चार दिवसांत मुळं दोन-तीन सेंटीमीटर होतात. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान टोकाकडचा एक सेंटीमीटर कापून ताबडतोब तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात एक दिवस ठेवा. पेशी होत्या त्या अवस्थेत थांबतात. पुढे काम लांबणार असेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा.

यापुढचं काम प्रयोगशाळेतच, चष्मा व हातमोजे घालून आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. ६० अंश सेल्सियसला १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात मुळं पाच-दहा मिनिटं ठेवा. पेशींना एकमेकींशी चिकटवणारा थर याने सुटतो. ही वेळ चुकवली तर पेशी पसरत नाहीत आणि गठ्ठाच दिसतो. पाण्याने धुवा, अ‍ॅसिटोकार्मिन किंवा अ‍ॅसिटोऑर्सिनमध्ये रंगवा. सर्वात गडद रंगलेलं दोन मिलिमीटरचं टोक तेवढं ठेवून बाकी फेकून द्या. रंगाच्या थेंबात कव्हरस्लिप ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलके टकटक करा, मग टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा बाजूला सरकू देऊ नका.

आधी १०च्या भिंगाने लहान, चौकोनी, मोठ्या केंद्रकाच्या पेशी शोधा. लांबट पेशी आणि छोटी केंद्रकं दिसली तर तुम्ही टोकाच्या फार मागचा भाग घेतला आहे. मग ४०च्या भिंगाखाली जा. बहुतेक पेशी आंतरावस्थेत, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळात, असतील, केंद्रक सलग रंगलेलं. काहींत धाग्यांचा गुंता, काहींत मधोमध रांग, काहींत दोन टोकांना निघालेले गट.

आंतरावस्थेतल्या पेशींपैकी जी१ कुठली आणि एस कुठली हे या रंगाने ओळखता येत नाही. ते कळलं तेही मुळांच्याच टोकांवरून. अ‍ॅल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बाकला शेंगेच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि दाखवलं की डीएनए विभाजनाच्या कितीतरी तास आधी, एका ठरावीक कालखंडात बनतो. जी१, एस, जी२ ही नावं तिथूनच आली. १९५७ साली हर्बर्ट टेलर आणि सहकाऱ्यांनी त्याच वनस्पतीच्या मुळांना किरणोत्सारी थायमिडिन (थायमिन आणि साखर यांची जोडणी, जी पेशी डीएनए बनवताना वापरते) दिलं. पहिल्या विभाजनात दोन्ही क्रोमॅटिडवर खूण दिसली. खुणेचं द्रव्य काढून टाकल्यावर दुसऱ्या विभाजनात दोघांपैकी एकावरच. पायरी ४मधलं लाल-निळं चित्र पुन्हा काढून, एक फेरी लाल व पुढची फेरी बिनरंगी ठेवून, हा निकाल स्वतः मिळवून पाहा.

शेवटी मोजणी. वेगवेगळ्या जागांवरच्या निदान ३०० पेशी मोजा आणि प्रत्येकीची अवस्था लिहा. समजा ४०० पेशींत ३२ विभाजनात सापडल्या, तर विभाजन निर्देशांक ८ टक्के. मुळाच्या टोकात पेशी एका तालात चालत नाहीत, म्हणून जी अवस्था जास्त पेशींत दिसते ती जास्त वेळ टिकते असं ढोबळमानाने म्हणता येतं. हे अगदी काटेकोर प्रमाण नाही, कारण एका पेशीच्या दोन होत असल्याने कोवळ्या पेशींची संख्या नेहमीच थोडी जास्त असते.

सोळा गुणसूत्रं मोजायची असतील तर बाजूने दिसणारी रांग उपयोगाची नाही. ध्रुवाकडून दिसणारी, गुणसूत्रं गोलाकार पसरलेली मध्यावस्था शोधावी लागते. ती सापडली की लगेच चित्र काढा, प्रत्येक गुणसूत्राच्या दोन क्रोमॅटिड दिसतात का ते पाहा आणि शेजारी १६, ३२, ४ सी असं लिहा. कव्हरस्लिपच्या कडांना पारदर्शक नेलपॉलिश लावलंत तर स्लाइड लगेच सुकत नाही आणि तीच पेशी दुसऱ्या दिवशी इतरांनाही दाखवता येते.